बोटीच्या नाकावरचा गूळ

माझ्या काट्यावर सगळं येऊन गेलंय. ऊस, गूळ, भंगार, विटा, कोंबड्यांच्या गाड्या, लग्नाच्या मांडवाचं सामान. एकदा तर एक पुढारीसुद्धा.

कोल्हापूरहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी पाटी, तिच्या कडेला एक खोली आणि खोलीच्या खिडकीत मी. ट्रक पाटीवर चढतो, माझ्यासमोरच्या यंत्रावर लाल आकडा उमटतो आणि मी पावती फाडतो. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची, वजाबाकी म्हणजे माल. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय आहे? पण एखादा ड्रायव्हर मागचं एक चाक हळूच पाटीच्या बाहेर ठेवतो. दुसरा रिकाम्या वजनाला स्वतः केबिनमध्ये बसतो आणि भरलेल्या वजनाला चहा प्यायला जातो. भंगारवाला येताना भंगाराला अंघोळ घालून आणतो. हे सगळं खिडकीतून बघायचं आणि कुणाचा अपमान न करता बोलायचं, ही खरी नोकरी.

आमच्या भागात काट्यावरच्या माणसाला लोक चोरच समजतात. मी चोर नाही, पण माझा स्वभाव असा की कुणी नुसतं विचारलं, “काटा बरोबर हाय न्हवं?” की माझे कान लाल होतात. लाल कान बघून समोरच्याचा संशय पक्का होतो. तो संशय बघून मला आणखी अपराधी वाटतं. बायको म्हणते, “न केलेल्या चोरीची एवढी शिक्षा भोगणारा माणूस मी बघितला न्हाय.”

पुढाऱ्याची गोष्ट सांगूनच टाकतो. कार्यकर्त्यांना साहेबांची गूळतुला करायची होती. ऐन वेळी तराजूची साखळी तुटली, म्हणून त्यांनी साहेबांना थेट माझ्या काट्यावर आणून उभं केलं. मी हात जोडून सांगितलं, “काटा दहादहा किलोनं बोलतो हो, ह्याला माणसाचं नेमकं वजन कळत नाही.” पण ऐकतो कोण! साहेब उभे राहिले, आकडा ऐंशी. साहेबांनी लोकांकडे बघून दोन्ही हात वर केले, आकडा क्षणभर नव्वद. कार्यकर्ते ओरडले, “साहेब, पुन्यांदा हात वर करा!” जेवढा गूळ जास्त तेवढी शोभा जास्त. साहेब हात वरखाली करत राहिले आणि मी खिडकीत घामाघूम. शेवटी मी पंच्याऐंशी सांगितलं. माझ्या काट्यावर कधी न उमटलेला तो आकडा मला अजून अधूनमधून टोचतो.

त्यामुळे पुढं जे झालं त्यातही गूळच होता, ह्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

मे संपत आला होता. दुपारी माझ्या खिडकीसमोर गुळाचा एक ट्रक वजनासाठी उभा होता. इतक्यात लांबून हलगी ऐकू आली. लग्नाची वरात असेल म्हणून मी मान वर केली, तर रस्त्यावरून एक बोट येत होती. खरोखरची केशरी रंगाची बोट, पुढून मागून झेंडूच्या माळा घातलेली. पुढं जीप, जीपच्या मागं दोन चाकांचा ट्रेलर, ट्रेलरवर बोट. बोटीत दहाबारा माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि बोटीच्या टोकावर हलगीवाला.

जीपमधून एक बाई उतरल्या. साठीच्या आसपास, कपाळावर विभूती, आवाज असा की हलगी आपोआप थांबली. त्या कुरुंदवाडजवळच्या गौराक्का. बायकांच्या दूधगटाच्या पुढारी.

“तम्मा,” त्या मला म्हणाल्या. तिकडं सीमेकडची माणसं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. “बोट विकणाऱ्यानं सांगिटलंय, वजन केल्याबिगार रस्त्याला लागू नका. तवा वजन कर आणि ‘न्ह्या’ म्हण. पोरी तिकडं नदीवर वाट बघत थांबल्यात.”

“आक्का, आधी बोटीतली माणसं उतरवा.”

वरून एकजण म्हणाला, “का ओ? आमी बोटीतलीच माणसं हाय की! आमचं वजन बोटीतच धरा.”

“बोटीत पाण्यावर बसा. रस्त्यावर बोट म्हणजे सामान.”

“ऐकलंसा काय? सामान म्हनं!” सगळे हसत सुटले. पण आक्कांनी नुसतं वर बघितलं आणि माणसं पटापट उतरली. हलगीवाला सगळ्यात शेवटी, फार नाराज होऊन.

मी अख्खा ट्रेलर जीपपासून सोडवून पाटीवर घेतला. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून सव्वासहाशे किलोच्या आसपास. जीपला हे काहीच नाही. आक्का लगेच जीपकडे वळल्या. मी म्हणालो, “थांबा, अजून नाकाचं वजन राहिलंय.”

नाक म्हणजे काय ते सांगतो. दोन चाकांच्या ट्रेलरचं पुढचं टोक जीपच्या हुकावर टेकतं. ते किती जोरानं टेकतं, हे फार महत्त्वाचं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माल पुढं जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसतं. मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं आणि बैल लोंबकळायला लागतात. ट्रेलरचंही तेच, फक्त एक फरक. बैल चालतो आणि जीप पळते. पळणाऱ्या गाडीच्या मागं नाक हलकं असेल, तर ट्रेलर म्हशीच्या शेपटीसारखा डावीउजवीकडे हलायला लागतो. एकदा हलायला लागला की जीपलाही सोबत घेऊन नाचतो आणि कुठल्या तरी ओढ्यात जाऊन थांबतो. म्हणून एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी नाकावर हवा.

मी नाक पाटीच्या बाहेर काढून विटांवर टेकवलं, चाकं पाटीवरच ठेवली आणि पुन्हा आकडा बघितला. तो हललाच नाही. म्हणजे नाकावर काही नव्हतं, किंवा माझ्या काट्याला कळण्याइतकं नव्हतं. शेजारच्या कांदेवाल्याचा पोती तोलायचा लहान काटा आणला आणि नाक त्यावर ठेवलं. चार किलो.

“चार!” मी जवळजवळ किंचाळलो.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. ते सलीम मिस्त्री. ट्रेलर त्यांनी बनवला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं लहानसं वर्कशॉप आहे आणि त्यांचे वडील बैलगाड्या बनवायचे. मिस्त्रींनी पुढं येऊन तर्जनीनं ते नाक अलगद उचलून दाखवलं. बोट, इंजिन, सगळ्यासकट. एका बोटानं!

“बघा की साहेब! हलकं फूल! अब्बा म्हणायचे, चांगल्या गाडीचं ओझं बैलाच्या मानंला कळायला नको. मी चाकांचा आस बरोबर मधोमध घेतलाय. चार दिवस नुसतं मापच घेत हुतो.”

माणसानं एवढ्या मायेनं चूक केली असेल तर ती सांगायची कशी? त्यांना जीपची मान दुखायला नको होती!

“मिस्त्री,” मी म्हणालो, “काम फार सुंदर झालंय. पण जीपला मान नसते.”

त्यांनी नाक परत काट्यावर ठेवलं. मग म्हणाले, “पळवून बघू की.”

आमच्या काट्यामागं ट्रक वळवायला मोकळं मैदान आहे. आक्कांचा पुतण्या बंडू जीप चालवायला होता. आधी त्यानं हळू फेरी मारली. ट्रेलर शहाण्या सुनेसारखा मागून आला. मिस्त्रींनी माझ्याकडे विजयानं बघितलं. मग बंडूनं जरा वेग घेतला. बोटीची शेपटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, मग आणखी डावीकडे. झेंडूच्या माळा सुटून उडाल्या. हलगीवाल्याला राहवलं नाही, त्यानं बरोबर त्या ठेक्यावर हलगी धरली. अख्खी मंडळी नाचायला लागली. गूळवाला ट्रक ड्रायव्हरसुद्धा केबिनमधून उतरून नाचला. तो तासभर माझ्यावर चिडून बसला होता.

बंडू थांबला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. मिस्त्री मात्र ट्रेलरकडे बघत खाली बसले. “आस हातभर मागं घ्यायला पायजे,” ते हळूच म्हणाले. “कापून परत वेल्डिंग. दोन दिवस लागतील, आक्का.”

“उद्या आवस हाय,” आक्का म्हणाल्या. “आवसंला नवी गाडी दारात न्हाय आणायची.”

“मग परवा.”

आक्का मला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. मागच्या मोठ्या पुरात त्यांची सून नऊ महिन्यांची होती. पाणी वाढलं, घरातली माणसं गच्चीवर गेली. बोटी होत्या, पण सगळ्या दुसरीकडे अडकलेल्या. बाळ गच्चीवरच ताडपत्रीखाली झालं. “दोगीबी वाचल्या, देवाची किरपा. पण त्या दिशी लांबनं बोटीचा आवाज यायचा, आमी हात करायचो आणि आवाज दुसरीकडं जायचा. तवापास्नं गटातल्या बायका दुधातनं बाजूला काढत आल्यात. ही आमची बोट हाय. एकच हाय. आज न्हेतो असा शबूद दिलाय मी. पर मोडून न्ह्यायची न्हाय. तू सांग, न्ह्यायची का नको?”

आता हे माझ्यावर! मी पावतीवर आकडे लिहिणारा माणूस. ‘हो’ म्हटलं आणि बोट ओढ्यात गेली तर? ‘नाही’ म्हटलं तर नदीवर वाट बघणाऱ्या बायकांचं तोंड मी उरलेलं आयुष्य स्वप्नात बघणार. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर गुळाचा ट्रक.

“आक्का,” मी म्हणालो, “बोट पोचल्यावर गावात गूळ वाटणार असाल ना?”

“वाटणार की! म्हंजे काय!”

“मग इथूनच घ्या.”

दहा किलोचे आठ रवे घेतले. रवा म्हणजे गुळाची ढेप. ते पोत्यात बांधून बोटीच्या अगदी पुढच्या टोकात ठेवले आणि दोरीनं आवळले. नाक लहान काट्यावर धरलं, सत्तर किलो! बंडूनं मैदानात फेरी मारली. जोरात मारली. बोट सरळ रेषेत. हलगीवाला हिरमुसला.

“पण आक्का,” मी बजावलं, “नदीपर्यंत गुळाला हात लावायचा नाही. हा गूळ नाही, हे वजन आहे. आणि बोटीत कुणी बसायचं नाही.”

“शिवाची आण,” आक्का म्हणाल्या.

मला राहवेना. काटा जोडीदारावर सोपवला आणि मीही जीपमध्ये बसलो. सलीम मिस्त्रीही बसले. बाकीची मंडळी मागून टेम्पोतून हलगीसकट निघाली.

आता जे लिहितोय ते जड मनानं लिहितोय. हातकणंगल्याला चहाला थांबलो. बोटीभोवती गर्दी जमली. कुणी नारळ फोडला, कुणी हळदीकुंकू लावलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. “काटेवालं पावणं तुमीच न्हवं? तुमच्यामुळं बोट निघाली म्हनं. तोंड गोड करा की!” आणि त्यांनी पोत्याच्या फटीतून खुडलेला गुळाचा खडा माझ्या तोंडापाशी धरला.

मी खाल्ला.

चिंचोक्याएवढा खडा! त्यात वजन ते किती? हा हिशेब माझ्यासारख्या काट्यावरच्या माणसानं करावा! पण खडा गिळल्यावर माझी जीभ बांधली गेली. त्यानंतर जो येईल त्याला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तोंडाला गूळ लागलेला! मी काही बोलत नाही हे बघून आक्कांनी चहावाल्याला मूठभर दिला, चहावाल्यानं त्याच्या पोराबाळांसाठी आणखी मूठभर मागितला. जयसिंगपुरात शिकवणीतून सुटलेल्या मुली आल्या. शिरोळात तर एका मंडळानं जीपच अडवली आणि बोटीला ओवाळलं. ओवाळल्यावर ताटात काहीतरी घालावंच लागतं. आक्कांनी अख्खा रवा घातला.

“आक्का, तुमची आण!” मी कळवळून म्हणालो.

“शिव भोळा हाय,” आक्का म्हणाल्या. “आणि पयला खडा कुणी खाल्ला?”

मिस्त्री मागच्या काचेतून सारखे बोटीकडे बघत होते. शिरोळ सोडल्यावर ते म्हणाले, “साहेब, शेपूट हाललं.”

नदीच्या पुलाकडे रस्ता उतरतो. त्या उतारावर बोटीला मैदानातला तो ठेका पुन्हा आठवला. डावीकडे, उजवीकडे. समोरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर येत होता. बंडू ब्रेकवर पाय देणार तोच मिस्त्री ओरडले, “ब्रेक नगं! नुसता पाय काढ!” बंडूनं पाय काढला. जीप हळू झाली, शेपूट आणखी दोनदा हललं आणि थांबलं. ट्रॅक्टरवाला शिव्या देत निघून गेला. बंडूनं पुलाच्या अलीकडे जीप कडेला घेतली. मग आक्का म्हणाल्या, “आलं की गाव. ह्यो पूल ओलांडला की झालं.”

मी उतरून पोत्यांमध्ये हात घातला. आठातले तीन रवे शिल्लक होते, तेही सगळीकडून कुरतडलेले. आणि पुढं पूल. अरुंद, दोन्ही बाजूंनी वाहनं, खाली नदी. ह्या नाकानं पुलावर जाणं शक्य नव्हतं. आणि हे माझं काम होतं. गूळ माझी कल्पना, नियम माझा, आणि पहिला खडाही माझ्याच पोटात.

तेवढ्यात पुलावरून बायका येताना दिसल्या. आक्कांच्या गटातल्या. बोट यायला उशीर झाला म्हणून त्या पूल ओलांडून सामोऱ्या आल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर नदीच्या पाण्यानं भरलेली घागर. नवी गाडी असो की नवी सून, दारात आली की तिच्यावरून पाणी ओवाळून चाकांवर नाहीतर पावलांवर घालायचं, अशी त्यांची रीत.

त्या घागरींकडे बघून मला एकदम सुचलं. “चाकांवर नको! बोटीत घाला! पाणी बोटीत घाला!”

एक उत्साही बाई पुढं झाली आणि तिनं भरली घागर खळ्‌कन बोटीत ओतली. पाणी सळसळत मागं, इंजिनाकडे पळालं.

“मागं नको, मागं नको!” मी आणि मिस्त्री एकदम ओरडलो.

“आरं पाणी हाय ते,” ती म्हणाली, “जाईल तिकडं जाईल!”

मिस्त्रींनी मागचं बूच काढून ते पाणी सोडून दिलं. मग मला बोटीतली दोन निळी पिंपं आठवली. पुरात कपडे आणि औषधं कोरडी ठेवायला घट्ट झाकणाची पिंपं बोटीबरोबरच आली होती. रवे बाजूला सरकवून ती टोकात दोरीनं बांधली. बायका रांगेनं आल्या, एकीमागून एक घागर रिकामी करत गेल्या आणि प्रत्येकीनं जाताना बोटीच्या टोकाला हळदीकुंकू लावलं. पिंपं काठोकाठ भरली, झाकणं बसली. आता काटा कुठला आणायचा? मिस्त्रींनी नाक हुकातून सोडवलं, त्याखाली तेच एक बोट घातलं आणि उचलायला गेले. नाक जागचं हललं नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. तेव्हा कुठं थोडं उठलं.

“जड हाय,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदाच हसले. “लई जड हाय, साहेब!”

आम्ही माणूस चालतो त्या वेगानं पूल ओलांडला. पुढं हलगी, मागं रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका, मध्ये बोट. ज्या पाण्याच्या भीतीनं ती आणली, तेच पाणी तिच्या नाकावर बसून तिला सरळ चालवत होतं. बोट एकदाही हलली नाही.

घाटावर ट्रेलर उतारावरून पाण्यात सोडला. पिंपं रिकामी केली, नदीचं पाणी नदीत गेलं. बोट तरंगली तेव्हा हलगीचासुद्धा आवाज ऐकू येईना, इतकी माणसं ओरडत होती. आक्कांनी मला हाताला धरून बोटीत घातलं. मला पोहता येत नाही, हे मी सांगत होतो, पण अंगावरचं ते केशरी जाकीट बांधून झालंसुद्धा होतं. घाबरून मी सवयीनं थेट पुढच्या टोकाला जाऊन बसलो. नाक जड पाहिजे ना!

“आरं तम्मा, मागं सरक!” आक्का ओरडल्या. “नाक बुडवतोस व्हय?”

इंजिन लावलेली बोट पाण्यावर चालते ती नाक वर करून. रस्त्यावरचा सगळा कायदा पाण्यात उलटा. काठावरच्या बायका हसूनहसून वाकल्या. मिस्त्री बोटीत मागं बसले होते, तेही मांडीवर थाप मारून हसत होते. मी ढुंगणावर सरकत सरकत मागं आलो. बोटीनं नाक उचललं आणि पाणी कापत निघाली.

आक्का उभ्या होत्या. त्यांनी कुरतडलेल्या रव्याचा मोठा तुकडा मोडून माझ्या तोंडात कोंबला आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं, “तम्मा, वजन बरोबर हाय न्हवं?”

इतकी वर्षं हा प्रश्न ऐकला की माझे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नाहीत. तोंड गुळानं भरलं होतं, म्हणून मी नुसती जोरजोरात मान हलवली.